सोमवारची कुदळ

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी आमच्या ह्यांनी एका सरकारी कचेरीच्या लिलावातून जुनी जीप आणली आणि माझ्या संसारात सवत आली. सकाळी उठल्यावर हे आधी तिच्याकडे बघायचे, मग चहाकडे आणि राहिलंच काही तर माझ्याकडे. हर्सूलच्या तळ्याच्या बाजूला आमचं दोन खोल्यांचं घर. दारापुढं जागा ती केवढी! माझी तुळस गच्चीवर गेली आणि तिच्या जागी जीप उभी राहिली.

गॅरेजवाल्या चाचांनी आगीत तेल ओतलं. बॉनेटवर हात मारून मला म्हणाले, "भाभी, ये गाडी पहाड चढनेवाली है. सडक पे इसका जी नई लगता." झालं. तेव्हापासून ह्यांचाही जी सडकेवर लागेना. कारखान्यातले दोन मित्र, एक दातांचे डॉक्टर, एक टायरच्या दुकानाचा मालक अशी जीपवाल्यांची टोळी जमली. आठवडाभर साहेबांपुढं मान खाली घालणारी ही माणसं रविवारी डोंगराच्या अंगावर जीप घालायची आणि चिखलानं माखून, पोरांसारखी हसत परत यायची. ते हसणं बघून माझा राग निम्मा उतरायचा, हेही कबूल करते.

आणि डोंगर कुठला, तर माझ्या माहेरचा. तो दाखवलाही मीच.

माहेर दौलताबादच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला. आमच्या घराच्या मागच्या भिंतीपासूनच चढण लागते. खालचा उतार गावाचं गायरान, वरचा वनखात्याचा. मधली हद्द कागदावर होती आणि माझ्या वडिलांच्या डोक्यात होती, तिसरीकडं कुठं नव्हती. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. मेंढरं राखणं हाच त्यांचा पिढीजात धंदा.

माझ्या लहानपणी तो डोंगर बोडका होता. मग गावानं आणि वनखात्यानं मिळून त्यावर आडवे चर खणले. चर म्हणजे उताराला आडव्या लांबच लांब नाल्या आणि त्यांच्या कडेला मातीचा बांध. पावसाचं पाणी धावत खाली येण्याऐवजी त्यात थांबायचं, जिरायचं. गवताचं बी फेकलं. पाच वर्षं मेंढरं वर न्यायची नाहीत असं ठरलं, तेव्हा सगळ्यांत मोठा कळप असलेल्या दादांनीच आधी मान डोलावली. ती पाच वर्षं ते कळप घेऊन परमुलखात हिंडले, लोकांच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवत. परत आले तेव्हा डोंगरावर मारवेल आणि पवन्या गवत गुडघाभर उभं होतं. त्या बदल्यात त्यांना एक वाट मिळाली. कडेकडेनं वरच्या तळ्यापर्यंत जायचं, त्याच वाटेनं उतरायचं, चरांच्या पट्ट्यात शिरायचं नाही. उन्हाळ्यात गावाखालचं तळं आटलं, विहीर तळाला गेली की वरच्या तळ्याशिवाय पाणी नव्हतं. वाट होती म्हणून मेंढरं होती, एवढं सोपं होतं ते.

पहिल्यांदा जीप त्या डोंगरावर चढली तेव्हा पुढच्या सीटवर मी होते. दिवाळीला माहेरी गेलो होतो. हे म्हणाले, "बघू तरी तुझा डोंगर." चरांच्या पट्ट्यातूनच सरळ वर चढ होता. बांधावर जीप उचलली गेली की पदर उडायचा आणि खाली गावातल्या बायका हात कपाळाला लावून बघत होत्या. ज्या डोंगरावर मी अनवाणी लाकडं वेचली, तिथं मी गाडीतून चालले होते. मला लई भारी वाटलं. चाकाखाली काय जातंय हे मला कळायला हवं होतं, ते चर खणताना मीही टोपली उचलली होती. पण माणूस फुशारकीत आला की त्याला स्वतःचं टोपलंही आठवत नाही.

त्यानंतर टोळीचा रविवार तिथंच व्हायला लागला. दुपारी सगळे आमच्या माहेरी उतरायचे. आई भाकरी आणि ठेचा करायची, दादा स्वतः पाण्याची कळशी घेऊन उभे राहायचे. जावई आलाय म्हटल्यावर दादा मेंढरंसुद्धा लवकर कोंडायचे.

इथं जरा सांगायला हवं. आमचं लग्न आम्ही ठरवलेलं. ह्यांचं घराणं फुलंब्रीकडचं, शेतीवाडीचं. आम्ही मेंढरंवाले. पहिलं वर्षभर सासरचं कुणी आमच्या उंबऱ्याला लागलं नाही. पण हे मात्र दर सणाला आले, जमिनीवर बसून जेवले, दादांच्या घोंगडीवर लोळले. दादांना त्याचं इतकं अप्रूप, की अधिक महिन्यात धोंड्याचं वाण द्यायला त्यांनी पोटचं पोर दिल्यासारखं ठेवणीतलं एक मेंढरू विकलं. आमच्याकडं जावयाला शब्दानं दुखवत नाहीत. जावई चुकला तर भिंतीला सांगायचं, कुत्र्याला सांगायचं, फार तर लेकीला सांगायचं. जावयाला नाही. दादांनी तर लेकीलाही सांगितलं नाही.

तीन-चार वर्षं गेली. माझी लेक झाली. एका पावसाळ्याच्या तोंडी जोराची झड आली आणि गावाखालच्या तळ्यात गाळ भरला. वर जाऊन पाहिलं तर काही बांध फुटलेले. वनखात्याचे नवे साहेब आले, पारावर बैठक बसली. अर्धं गाव म्हणालं, रविवारच्या जीपनं डोंगर नासला. उरलेले म्हणाले, मेंढरांच्या खुरांनी. दोन्हीकडून आवाज चढले. तेव्हा आमचे हे उठले. त्यांना बोलायला फार आवडतं, त्यात पुढ्यात साहेब.

"साहेब, आम्ही दर रविवारी एकाच चढानं जातो. चला, आत्ता दाखवतो. एक तरी चाकोरी दिसली तर मी जीप इथंच सोडून जाईन. आमचा डोंगर लई चिवट आहे, मागच्या रविवारची खूण या रविवारी राहत नाही."

साहेब माणूस सरळ होता. सगळ्यांना घेऊन वर गेला. चढावर खरोखरच चाकोरी नव्हती. बाजूला दोन बांध फुटले होते आणि तिथं चरात मेंढरांच्या लेंड्या पडल्या होत्या. साहेबांनी दादांना विचारलं, "बाबा, मेंढरं पट्ट्यात येतात का?"

दादांनी काठीकडं बघितलं. म्हणाले, "येत आसतील."

मग साहेबांनी सांगितलं, की दसऱ्यानंतर पुन्हा बैठक घेऊ. तोवर दुसरं काही निघालं नाही, तर मेंढरांची वाट बंद करावी लागेल. वरचं तळंही बंद.

मी त्या दिवशी तिथं होते. आणि मी काय केलं? नवऱ्याची बाजू घेतली. घरी आल्यावर चुलीपाशी बसून दादांना म्हटलं, "दादा, कोकरं जात असतील आत. तुमच्या डोळ्यांना आता नीट दिसत नाही, लक्ष राहत नसेल." दादा म्हणाले, "व्हय बाई, जात आसतील." आईनं तवा इतक्या जोरात आपटला, की भाकरी उडाली. तिला काय झालंय ते मला कळलं नाही. आज ते वाक्य आठवलं की माझीच मला लाज वाटते.

डोळ्यांचं मात्र खरं होतं. दादांना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. श्रावणाच्या सुरुवातीला मी त्यांना शहरात आणून एका डोळ्याचं ऑपरेशन करवलं. डॉक्टरांनी बजावलं, महिनाभर वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही. मेंढरं आईनं आणि चुलतभावानं बघायची असं ठरलं. लेकीला मूल झाल्याशिवाय तिच्या घरी जेवायचं नाही ही जुनी रीत माझ्या लेकीनं आधीच मोडीत काढली होती, त्यामुळं तीही अडचण नव्हती. काळा चष्मा लावून दादा आमच्या पुढच्या खोलीत बसायचे आणि नात त्यांच्या काठीचा घोडा करायची. ह्यांनी त्यांच्यासाठी कारखान्यातून लवकर यायला सुरुवात केली. स्वतःच्या हातानं डोळ्यात औषध घालायचे. "मामा, वर बघा. पापणी मिटू नका." दादा लहान मुलासारखे वर बघायचे. मला ते दोघं असे बसलेले बघायला फार आवडायचं.

पण सोमवार आला की दादांचं चित्त थाऱ्यावर नसायचं. तांबडं फुटायच्या आत अंघोळ करून बसायचे. दारापाशी जायचे, परत यायचे. "तिकडं पाणी पडलं का गं?" दर तासाला विचारायचे. मला वाटलं, श्रावणी सोमवार आहे, वेरूळच्या घृष्णेश्वराला जायची ओढ लागली असेल. गावी असताना ते दर सोमवारी सकाळी डोंगराकडं जातात, वर आमचा एक छोटा महादेव आहे, हे मला माहीत होतं.

आई त्यांना बघायला आली तेव्हा मी सहज म्हटलं, "दादांचा सोमवार चुकतोय, त्यांना महादेवाची आठवण येते."

आई भाजी निवडत होती. तिनं हातातली मेथी खाली ठेवली.

"कशाचा महादेव! तुझ्या नवऱ्यानं ऐतवारी फोडायचं आन् ह्यांनी सोमवारी सांधायचं. चार वर्सं झाली, कुदळ आन् टोपलं घेऊन जात्यात. चाकोरी मातीनं बुजवायची, वर दगडं लावायची, गवताचं ढेकूळ आणून रवायचं. दिसलं नाय पायजे म्हनून. मेंढरू धन्याच्या मागं जातंच, दोन-चार जात्यात चरात. त्यांच्याच लेंड्या सायबाला दिसल्या त्या दिवशी."

मी दादांकडं बघितलं. काळ्या चष्म्याआडून ते कुठं बघत होते ते कळत नव्हतं.

"दादा, खरं?"

"तू त्याला काय बोलायचं नाय," दादा म्हणाले. "माझ्या गळ्याची आन हाय तुला."

"आणि वाट बंद झाली तर?"

"इकून टाकू मेंढरं. माझं वय झालं आता. पर जावयाची चारचौघांत मान खाली गेली तर ती वर येत नसती. त्यांनी आपल्यापायी घरच्यांचं ऐकून घेतलंय, मी इसरलो नाय."

मी गप्प बसले. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. त्या आठवड्यात मी दोन बशा फोडल्या, मी शिकवते त्या वर्गातल्या पोरांना विनाकारण पाढे म्हणायला लावले आणि ह्यांना जेवायला वाढताना भाजी वाढली की आदळली ते त्यांनाच माहीत. आन मोडावी तर बापाची, न मोडावी तर बापाचाच कळप जाणार. साठ मेंढरांच्या जिवावर माझं शिक्षण झालेलं होतं. शाळेची फी, पुस्तकं, परीक्षेला नेसलेली साडी, सगळं लोकर आणि कोकरं विकूनच झालं. तो कळप जाऊ द्यायचा तो कशासाठी, तर रविवारच्या मौजेसाठी.

तीन सोमवार दादांविना गेले. मधे दोनदा झोडपून पाऊस झाला. बुजवणारं कुणी नव्हतं. पाण्याला चाकांनी करून दिलेली वाट सापडली आणि ते तीच धरून खाली आलं.

चौथ्या रविवारी हे चार वाजताच परत आले. एरवी दिवेलागणीला यायचे. चप्पल न काढताच आत आले आणि खुर्चीत बसले. नेहमीचं हसणं नव्हतं.

"चढ पार उखडलाय," म्हणाले. "कमरेइतकी घळ पडलीय. डॉक्टरांची जीप आडवी होता होता वाचली. तीन बांध वाहून गेलेत. मी सांगतो, गावातल्या कुणीतरी मुद्दाम कुदळीनं खणलंय. आमचा रस्ता बंद करायला. आत्तापर्यंत एक चाकोरी पडत नव्हती, आणि महिन्याभरात घळ? उद्याच साहेबांकडं तक्रार करतो."

दादा समोरच बसले होते. नात मांडीवर. त्यांनी माझ्याकडं तोंड वळवलं आणि मान हलवली, बोलू नको म्हणून.

मी बोलले.

"कुदळीनं खणलं नाही. कुदळ थांबली म्हणून झालंय ते. चार वर्षं तुमच्या प्रत्येक रविवारचा सोमवार कुणीतरी करत होतं. तुम्ही म्हणालात डोंगर चिवट आहे. डोंगर नाही हो चिवट. हा माणूस चिवट आहे."

एवढं बोलून मला रडू आलं, म्हणून मी आत निघून गेले.  बाहेरून दादांचा खाकरण्याचा आवाज आला आणि ते म्हणाले, "पाव्हणं, तिचं मनावर घेऊ नका. लहानपनापासून तोंडाळ हाय."

त्या दिवशी हे जेवले नाहीत. मीही विचारलं नाही.

सोमवारी सकाळी उठले तर हे घरात नव्हते. जीप दारातच होती. कारखान्यातून फोन आला की आज आले नाहीत. संध्याकाळी हे पायी येताना दिसले. एसटीनं दौलताबादला उतरले होते, तिथून चालत गेले होते. हाताला फोड, कपाळाला माती. दादांपुढं जमिनीवर बसले आणि हात उताणे करून दाखवले.

"मामा, दिवसभरात चार हातसुद्धा झालं नाही. तुम्ही कसं करत होता?"

 दादांनी हात पुढं करून चाचपडत त्या फोडांवर अंगठा फिरवला आणि मला हळद-तेल आणायला सांगितलं.

दसऱ्यानंतरची बैठक झाली तेव्हा पारावर गाव लोटलं होतं. साहेबांनी विषय काढायच्या आतच हे उठले. मी ह्यांना इतकं थोडं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. म्हणाले, "मागच्या वेळी मी एक चाकोरी दाखवा म्हणालो होतो. चाकोऱ्या आमच्याच होत्या. बुजवत माझे सासरे होते. लेंड्या त्यामुळं होत्या. मेंढरांची वाट बंद करू नका, आमची करा."  गावातलं कुणी हसलं नाही. दादांनी मात्र मान खाली घातली, जणू त्यांचंच काही उघडं पडलं होतं.

पायथ्याला खोल चर खणून जीपचा चढ बंद झाला. मेंढरांची वाट राहिली, तळं राहिलं. टोळी फुटली. टायरवाल्यांनी ह्यांच्याशी बोलणं सोडलं. दातांचे डॉक्टर भांडायला घरी आले, "डोंगर सरकारी म्हणजे सगळ्यांचा. मेंढरांचा आहे तसा आमचाही आहे." त्यांचं अगदीच चूक होतं असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. वर्षभर उरलेली टोळी पलीकडच्या अंगानं चढत राहिली, तिथला वाद अजून चालूच आहे. पण ह्यांनी डॉक्टरांना एवढंच विचारलं, "सगळ्यांचा आहे, मान्य. मग सोमवारी कोण येतं?" डॉक्टर चहा पिऊन गेले. पुढं तेही दोनदा टोपलं उचलायला आले, हे सांगायला हवं.

जीप विकली नाही, पण ती सडकेवरच चालली. रविवारी आम्ही ती पायथ्याला लावायचो आणि घळ भरायला वर जायचो. दादांचा डोळा बरा झाला होता, पण मी त्यांना वाकू देत नव्हते. ते वरच्या दगडावर बसायचे आणि हे खाली दगड रचायचे. कित्येक रविवार दादा नुसते बघत बसले. ह्यांनी लावलेला दगड घरंगळणार हे दिसत असूनही दादा म्हणायचे, "चांगलं चाललंय पाव्हणं, हुईल हळूहळू." आणि सोमवारी गुपचूप तो परत लावायचे. आईनंच ते मला सांगितलं.

एका रविवारी आई भाकरी घेऊन वर आली होती. ह्यांनी मोठ्या कष्टानं एक लांबडा दगड आणला आणि घळीच्या तोंडाला आडवा, कठड्यासारखा ठेवला. लांब बाजू बाहेर. दिसायला छान दिसत होता. हे मागं सरून कौतुकानं बघत होते, तेवढ्यात वरून आवाज आला.

"आरं, दगड आसा लावत्यात व्हय? किती येळा बघितलं तरी डोक्यात शिरंना का तुझ्या? लांब बाजू डोंगराच्या पोटात घाल! काढ तो, काढ आधी!"

दादा उभे होते. काठी हवेत. आईच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

"आवो, जावयाला आसं बोलत्यात व्हय?" ती कुजबुजली.

दादांच्या ते लक्षातच आलं नव्हतं. ते काठी टेकत खाली उतरले, ह्यांच्या दंडाला धरून बाजूला सारलं आणि दगडाचं टोक पायानं दाखवत राहिले, इथं धर, इकडं फिरव, आता ढकल. हे धरत होते, फिरवत होते, ढकलत होते.

परतताना जीप मी चालवत होते, कारण ह्यांच्या हातांना पुन्हा फोड आले होते. हर्सूल येईपर्यंत ह्यांनी मला पाच वेळा तरी सांगितलं, "मामा मला ओरडले आज. ऐकलंस ना? भर डोंगरावर ओरडले."

"ऐकलं हो," मी म्हटलं.

तेव्हा ह्यांनी तोंड खिडकीकडं वळवलं आणि बाहीनं डोळे पुसले.